लाल पट्टीची कलमं

सोनचाफ्याचा वास आला की लोकांना देव आठवतो, मला माझ्या नानांचं तोंड आठवतं. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. बोलत नाही; लिहिते. नांदेडच्या माझ्या घरात नातवंडं जमली की त्यांना वाटतं, आजी फुलांच्या बागेत वाढली म्हणजे केवढी मजा असेल. मजा होतीच, मी नाही म्हणत नाही. पण त्या बागेतून मला एकदा हाकललं होतं, आणि ज्या कारणावरून हाकललं ते आठवलं की या वयातही माझी कानशिलं तापतात. डॉक्टर म्हणतात, रक्तदाब सांभाळा. मी त्यांना म्हणते, गोळी द्या, राग माझा मला राहू द्या.

आता नर्सरी म्हणतात, तेव्हा बागच म्हणायचे. लातूरहून औशाकडे जाताना रस्त्याला लागून आमची बाग होती. आजूबाजूला सगळी काळी रानं, ज्वारी आणि तुरीची, आणि मध्येच आमचा हिरवा तुकडा. काळी माती पिकाला कितीही चांगली असली तरी चाफ्याला ती सोसत नाही. पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजवते. म्हणून आमचे आबा, म्हणजे माझे वडील, उदगीरच्या पलीकडून तांबडी माती बैलगाडीतून आणायचे. खड्ड्यात खाली मुरूम, वर तांबडी माती, त्यात शेणखत, आणि मग झाड. मोगरा, जाई, अनंत, पारिजातक, कण्हेर असं सगळं होतं. एक कवठी चाफाही होता, पार पुण्याकडून आणलेला. आमच्या उन्हाळ्यावर तो कायम रुसलेला असायचा. क्वचित कधी एखादं पांढरं, वाटीएवढं फूल द्यायचा, आणि मग घरातली सगळी माणसं पाळीपाळीनं जाऊन त्याचा वास घेऊन यायची. पण बागेचं नाव होतं ते सोनचाफ्यामुळं. विहिरीजवळ एक जुना सोनचाफा होता, त्याला आम्ही थोरला म्हणायचो. त्याच्या फुलांसारखा वास लातुरात दुसऱ्या कुठल्या झाडाला नव्हता. त्याची कलमं न्यायला लोक लांबून यायचे.

बी लावून आलेला चाफा फुलायला आठ-दहा वर्षं घेतो, आणि इतकं थांबून फुलं कशी निघतील ते सांगता येत नाही. म्हणून भेटकलम करायचं. आषाढात थोरल्याच्या भोवती बांबूचा मांडव उभा राहायचा. बियांपासून वाढवलेली लहान रोपं कुंडीसकट त्या मांडवावर चढवायची, थोरल्याच्या फांदीच्या अगदी शेजारी. मग रोपाच्या खोडाची एका बाजूची साल आणि थोडं लाकूड तासायचं, फांदीचंही तेवढंच तासायचं, दोन्ही जखमा एकमेकींना चिकटवायच्या, भोवती शेणमाती लिंपायची आणि वरून धोतराच्या पांढऱ्या चिंधीनं घट्ट बांधायचं. रोपाची मुळं कुंडीत, फांदी अजून थोरल्याच्या अंगावर, आणि दोघं मध्ये बांधलेले. पार दसऱ्यापर्यंत ते तसेच राहायचे. मग आबा सांध्याच्या खाली फांदीला अर्धा छेद द्यायचे आणि थांबायचे. पानं तजेलदार राहिली तरच दिवाळीच्या सुमारास फांदी पूर्ण तोडायची आणि कुंडी खाली उतरवायची. घाई केली की कलम मरतं. आबांना हे त्यांच्या बापानं शिकवलं होतं आणि त्यांनी ते मला शिकवलं, कारण मला सोडलं तर त्यांना मूल नव्हतं आणि नानांचा हात जड होता. नाना गिऱ्हाईक सांभाळायचे. बोलायला ते मोठे गोड, समोरच्याला बाभूळ चाफा म्हणून विकतील असे.

घर बागेतच होतं, पत्र्याचं, पुढं मोठं अंगण. सकाळी विहिरीवर मोटार सुरू व्हायची तिचा धडधडाट, पाटानं पाणी सुटलं की त्याचा आवाज, आणि स्वयंपाकघरात मायच्या भाकरीची थापथाप. माझी माय फार बोलायची नाही. तिचा ठेचा मात्र बोलका होता, डोळ्यांतून पाणी काढणारा. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, आणि पाहुणा आला की येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पुडीची, आमटी. सकाळच्या न्याहारीला सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी. या सगळ्यावर राज्य होतं आक्कांचं. आक्का म्हणजे आबांची मोठी बहीण, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. घरात काय शिजायचं, कुणी कुठं बसायचं, कशाला शिवायचं आणि कशाला नाही, हे त्या ठरवायच्या.

मला पाळी आली तेव्हापासून महिन्याचे चार दिवस मी खताच्या कोठीत. तिथं पोत्यांवर गोधडी टाकलेली असायची. भाकरी उंचावरून हातात पडायची, पाणी ओंजळीत. झाडांना हात लावायचा नाही, तुळशीला नाही, मोगऱ्याला नाही, आणि चाफ्याच्या कलमाला तर मुळीच नाही, कारण कलम म्हणजे आमच्यात देवाचं काम. कलम बांधताना आबा पायताण काढून ठेवायचे. शिवलं तर कलम जळतं, आक्का सांगायच्या. पण त्याच चार दिवसांत कोठीत बसून मी शेणखत चाळायचे, माती मिसळायचे, कुंड्या भरायचे. ते चालायचं. मी भरलेल्या कुंडीत पाचव्या दिवशी रोप लागलं की ते देवाचं काम, आणि ती माती कालवणारी मी मात्र विटाळ. हा हिशेब कुठल्या शहाण्यानं मांडला होता, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. तेव्हा मी विचारलं नाही, कारण ते चार दिवस सोडले तर बाकीचा महिना बाग माझी होती. सुरी हातात घेतली की मला दुसरं काही नको असायचं. लग्न, शाळा, दागिने, काही नको. आबा एकदा मायला म्हणालेले मी ऐकलं होतं, की आपल्यामागं थोरला इमलच बघंल. माझं नाव विमल, पण आमच्याकडं व जिभेवर टिकत नाही.

त्या वर्षी लातुरातले एक गुत्तेदार आले. सरकारी इमारती बांधून गब्बर झालेले. स्वतःचा बंगला उठत होता, दसऱ्याला गृहप्रवेश, आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना थोरल्याची दोन कलमं हवी होती. पितृपक्षात नवं झाड लावत नाहीत, म्हणून त्यांना ती त्याच्या आधी पाहिजे होती. आबांनी सांगितलं, दसऱ्याआधी छेदसुद्धा देत नसतो, दिवाळीला या. गुत्तेदार गेले, पण जाताना नाना त्यांच्या जीपपर्यंत पोचवायला गेले आणि तिथं त्यांनी शब्द देऊन टाकला. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. गौरी जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी आबा देवणीला गेले, गाडीचा एक बैल म्हातारा झाला होता म्हणून नवा बघायला; मनासारखा मिळेपर्यंत बाजारामागून बाजार हिंडून यायला त्यांना पंधरवडा तरी लागणार होता. ते रस्त्याला लागले आणि नाना सुरी घेऊन मांडवावर चढले. अर्धा छेद नाही, थांबणं नाही, सरळ फांद्या तोडल्या. दोनच हव्या होत्या, पण हात लागलाच आहे तर एका बाजूची सगळी उतरवली. मी त्या दिवशी कोठीत बसलेली. दारातून मला दिसत होतं. मी ओरडून सांगितलं, नाना, अजून जुळली नाहीत. आक्कांनी मला तिथूनच गप्प केलं. बाजूला बसलेल्या पोरीनं कलमावर नजर टाकू नये म्हणाल्या, आणि कोठीचं दार लोटून घेतलं.

गुत्तेदार कलमं घेऊन गेले, आणि पितृपक्ष सुरू होऊन थोडे दिवस होताहेत तोवर जीप परत अंगणात आली. माणसानं दोन कुंड्या खाली ठेवल्या. पानं तपकिरी होऊन खाली वळलेली, शेंडा मोडता येईल इतका वाळलेला. आमच्याकडची बाकीची उतरवलेली कलमंही तशीच झाली होती, नानांनी ती गोठ्यामागं सारली होती. नव्या घराच्या फाटकात झाड वाळलं म्हणजे केवढा अपशकुन, गुत्तेदार चिडलेले होते. मी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. नानांनी एकदा कुंड्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि त्या परक्या माणसासमोर, त्याच्या ड्रायव्हरसमोर म्हणाले, "पोरगी बाजूला बसली व्हती त्या दिसांत. शिवली असंल. झाडाला कळतंय की साहेब." आक्कांनी लगेच पुस्ती जोडली, की मोरीकडं जाताना मी थोरल्याखालून गेले होते, सावली पडली असणार. दोन परके पुरुष माझ्याकडं बघत होते. माझ्या अंगात कुठले दिवस होते ते त्यांना आता माहीत होतं. गुत्तेदार हसले आणि म्हणाले, घरातल्या पोरीबाळींकडं जरा लक्ष ठेवा. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. माय दारात उभी होती, तिनं पदर तोंडाशी धरला आणि आत गेली. तिचाही मला राग आला, खोटं कशाला लिहू. नानांवर आला त्यापेक्षा जास्त आला.

मी आबांची वाट बघत बसले. आबा आल्यावर सगळं सरळ होईल, याची मला खात्री होती. ते संध्याकाळी नवा बैल घेऊन आले, बैल दावणीला बांधला, आणि नानांनी सांगितलेलं ऐकून गोठ्यामागं गेले. मीही मागोमाग गेले. त्यांनी एक कलम उचललं, चिंधी सोडली आणि सांध्यावर अंगठा दाबला. रोप आणि फांदी दोन वेगळे तुकडे होऊन त्यांच्या हातात आले. जुळलेलंच नव्हतं. आतलं लाकूड अजून ओलसर होतं. खाली एका घावात केलेला काप दिसत होता, अर्ध्या छेदाची खूणही नाही. आबांनी ते दोन तुकडे बराच वेळ बघितले, मग माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलेलं आहे हे मला कळलं. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "इमल, उद्यापासून बागेत येऊ नगं."

एवढंच. धाकट्या भावाला खाली बघायला लावायचं नाही, हे त्यांनी आपल्या मरणाऱ्या आईला कबूल केलं होतं म्हणे. माझ्या सासरी कुणी कुणी म्हणतं, तुमचे आबा साधे होते, भावासाठी झिजले. झिजले असतील, पण माझ्या जिवावर झिजले. अडाणी माणूस विटाळ मानतो, त्याला एकवेळ क्षमा आहे. ज्याला कलम का मेलं हे हातात धरून दिसतं आणि तरी जो पोरीला दोषी ठरवतो, त्याला मी काय म्हणू? माझे वडील होते, माझ्यावर जीव होता, आणि मी त्यांना त्या संध्याकाळसाठी आजपर्यंत माफ केलेलं नाही. करणारही नाही.

तो हिवाळा मी स्वयंपाकघरात काढला. आक्कांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. दुपारी लातूरच्या गंजगोलाईत फुलं विकणारी हमीदाबी यायची, चाफ्याची आणि कण्हेरीची टोपली भरून न्यायला. आमच्याकडची फुलं ती कितीतरी वर्षं नेत होती. काही चाफे ती पाण्याच्या बाटलीत घालून विकायची, काहींचे हार ओवायची. मला बागेत न बघून तिनं विचारलं, मी सांगितलं. ती टोपलीवर ओलं फडकं टाकत होती, तिचा हात थांबला. "मला कुणी इचारलं का कधी?" ती म्हणाली. "पोट भरायचं हाय, म्हयन्याचे सगळे दिस ओवते मी. तुझा नाना माहूरला देवीला नेतो ते हारबी माझ्याच हातचे." मग टोपली डोक्यावर घेऊन ती गेली. नाना दरवर्षी माहूरला जायचे, रेणुकामातेला हार घालून डोळे मिटून उभे राहायचे आणि त्याचं कौतुक घरी येऊन सांगायचे. मी चुलीपुढं बसून होते आणि मला हसू येत होतं. त्या सबंध हिवाळ्यात हसू आलेलं मला तेवढंच आठवतं.

पुढच्या आषाढात माझ्यावाचून भागणार नव्हतं. आदल्या वर्षीची इतकी कलमं मेली होती की दुप्पट बांधायला हवी होती. नानांनी बांधलेली सांध्याशी हलायची. शेवटी आबा माझ्याकडं न बघता मायला म्हणाले, तिला म्हणावं ये, पण ते चार दिस सोडून. मी गेले. सुरी हातात घेतली आणि त्याच वेळी मनाशी ठरवून टाकलं. पाळी येऊन गेल्यावर मी आक्कांना सांगितलं, आज आली. ते खोटे चार दिवस मी कोठीत ऐसपैस पाय पसरून झोपले. आणि खरे चार दिवस थोरल्याच्या मांडवावर उभी राहिले. आधी भीती होती, मग ती गेली आणि नुसता राग राहिला. रागात माझे काप फार सरळ यायचे.

मायला कळायला वेळ लागला नाही. दुपारी मोरीत मी कपडे धूत होते, ती पाठीमागं येऊन उभी राहिली. मला वाटलं आता आक्कांना हाक मारणार. तिनं विचारलं, आज बांधलीस का? मी म्हटलं, बांधली. ती आत गेली आणि तिचं जुनं लाल लुगडं घेऊन आली, काठाशी विरलेलं. तिथंच उभं राहून तिनं त्याच्या अरुंद पट्ट्या फाडल्या. "त्या दिसातल्या कलमांना ही बांध," म्हणाली. "खूण ऱ्हाऊ दे. न्हाईतर उद्या हे लोक तुलाच खोटं पाडतील." गेल्या वर्षी दारातून आत गेलेली माय हीच. मी तिच्याकडं बघत राहिले. ती पट्ट्या माझ्या मांडीवर टाकून भाकऱ्या थापायला निघून गेली.

म्हणून त्या पावसाळ्यात थोरल्याच्या अंगावर पांढऱ्या चिंध्यांमध्ये लाल पट्ट्याही दिसू लागल्या. धोतराच्या चिंध्या संपल्या असं मी सांगितलं, कुणी जास्त विचारलं नाही. दसऱ्यानंतर आबांनी अर्धे छेद दिले, दिवाळीच्या सुमारास कलमं खाली उतरली आणि अंगणात मांडली गेली. पांढऱ्यातली काही दगावली, बहुतेक नानांनी बांधलेली. लाल एकही दगावलं नव्हतं. नानांच्या तीक्ष्ण व्यापारी नजरेला ते दिसलं, आणि गिऱ्हाइकांना ते स्वतःहून सांगू लागले, लाल पट्टीची घ्या, लाल रंग देवीचा, शुभ असतो. मी आत पदरात तोंड खुपसून हसायचे. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं, असं शहाणी माणसं म्हणतील.

पण ते गुत्तेदार पुन्हा आले. तीच जीप, तोच ड्रायव्हर. नानांनी दोन लाल पट्टीच्या कुंड्या पुढं ओढल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यंदा बिनघोर न्या साहेब. पोरीला त्या चार दिसांत झाडाखाली फिरकू दिलं न्हाई. बघा कशी जोमात हायत." गुत्तेदारांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं, तसंच. मी ओसरीवरून खाली उतरले. मला आठवतं, माझा आवाज अजिबात चढला नाही. मी म्हटलं, "नाना, लाल पट्टीची सगळी मी त्याच चार दिसांत बांधल्यात. म्हणूनच लाल हायत."

नाना म्हणाले, खोटं बोलायली. आबा म्हणाले, इमल, गप बस. त्यांना आताही सगळं कळलं होतं, हे मी त्यांच्या मानेवरून ओळखलं. आक्का मात्र बोटांवर मोजत बसल्या, कुठल्या महिन्यात मी कधी कोठीत बसले ते आठवत, आणि आषाढापासून माझे दिवस पुढं सरकलेत हे लक्षात येऊन बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. पोरगी खरं बोलायली, त्या पुटपुटल्या, आणि गोमूत्र आणायला उठल्या. गुत्तेदारांनी हातातली कुंडी खाली ठेवून धोतराला हात पुसले. मग नानांनी फर्मान सोडलं, लाल पट्टीची जेवढी असतील तेवढी उपटून उकिरड्यावर टाका, एक ठेवायचं नाही. माझ्या एका पावसाळ्याची कलमं होती ती, सांधा धरलेली, पालवी फुटलेली. मी आबांकडं बघितलं. ते हातातल्या सुरीकडं बघत उभे होते.

तेव्हा माय बाहेर आली. हाताला पीठ होतं. ती आबांजवळ गेली आणि त्यांच्या हातातून कलमाची सुरी काढून घेतली. आयुष्यात तिनं त्या सुरीला हात लावलेला मी कधी बघितला नव्हता. ती कुंड्यांमध्ये उकिडवी बसली आणि पट्ट्या कापायला लागली. लाल कापली, पांढरी कापली, समोर येईल ती कापली आणि ओच्यात टाकत गेली. कापून झालेली कुंडी उचलायची आणि दुसऱ्या रांगेत ठेवायची, तिथली इकडं आणायची. नाना आधी बघतच राहिले. त्यांना वाटलं असेल, टाकायला वेगळी काढते आहे. त्यांच्या लक्षात आलं तोवर अर्धं अंगण झालं होतं. ते पुढं सरसावले, पण वहिनीच्या हातात सुरी होती आणि वहिनीला शिवायचं नाही हाही आमच्याकडचा नियमच. शेवटची पट्टी कापून माय उठली, आत गेली, ओच्यातला सगळा गुंता चुलीत घातला आणि परत दारात आली. अंगणभर सारखी हिरवी कलमं उभी होती.

"आता निवडा," माय म्हणाली.

वर्षाची सगळी कलमं त्या अंगणात होती. टाकायची तर सगळी टाका, विकायची तर सगळी विका. नाना एका कुंडीपाशी वाकले, सांधा निरखला, दुसरीपाशी गेले, परत पहिलीपाशी आले. आक्का गोमूत्राचा तांब्या घेऊन आल्या आणि कुठं शिंपडावं ते न कळून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी गुत्तेदारांनी ड्रायव्हरला खूण केली, आणि त्यानं जवळच्या दोन कुंड्या उचलून जीपमध्ये ठेवल्या. कुठल्या होत्या, मलाही सांगता येणार नाही. एक मोठ्या कुंडीत घरासाठी राहिलं, बाकीची महिनाभरात खपली. औशाच्या एका देवळाच्या आवारात दोन गेली, आणि माहूरच्या एका धर्मशाळेसाठी नानांनी स्वतःच्या हातानं एक नेऊन लावलं. मला बागेत येऊ नको असं पुन्हा कुणी म्हणालं नाही. ये असंही म्हणालं नाही. लग्न होईपर्यंत मी न विचारता जात राहिले, महिन्याचे सगळे दिवस, आणि माय रोज माझ्याआधी सुरी घासून ठेवायची.

पुढं एका अतिवृष्टीत थोरल्याची मुळं कुजली आणि तो गेला. त्याच खड्ड्यात नानांच्या मुलांनी त्या वर्षीचं ते घरी राहिलेलं कलम लावलं. आज आमच्या भावबंदांच्या नर्सरीतलं प्रत्येक सोनचाफ्याचं कलम त्या झाडावरून निघतं. मोठा फलक आहे, नांदेड-नागपूरपर्यंत माल जातो. गेल्या महिन्यात नातीला घेऊन गेले होते, तिच्या नव्या घराच्या गच्चीसाठी झाड हवं होतं. नानांची नातसून गल्ल्यावर होती, शिकलेली, बोलायला लाघवी. नात झाडाकडं निघाली तसं तिनं मला हळूच विचारलं, "आजी, ताईंना अडचण नाही ना? असेल तर त्यांना लांबूनच बघू द्या. आमच्यात अजून पाळतात." नातीनं ते ऐकलं. तिची मान खाली गेली आणि कान लाल झाले, म्हणजे होतीच अडचण. इतक्या वर्षांनी, त्याच अंगणात, माझ्याच रक्ताच्या पोरीची मान खाली. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मी काठीसुद्धा विसरले.

मी त्या सुनेला हाताला धरून झाडापाशी नेलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, नानांच्या कापापासून मायच्या सुरीपर्यंत. गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती, ऐकू देत. ती बिचारी वर फांद्यांकडं बघायला लागली, जिथं या वर्षीच्या कुंड्या बांधलेल्या होत्या, मग खाली बुंध्याकडं. शेवटी तिनं विचारलं, "मग आजी, हे झाड कुठल्या पट्टीचं?"

मी नातीला पुढं ओढलं आणि तिचे दोन्ही हात बुंध्यावर टेकवले. सुनेला म्हटलं, "निवड आता."